दोन वर्षांचा पहारा : डेव्हिड कॅमेरन आणि ग्रीनसिल प्रकरण

मार्च 2020 च्या आरंभी, ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागण्याच्या काही आठवडे आधी, तिथल्या अर्थखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी सर टॉम स्कॉलर यांच्या मोबाइलवर एक संदेश आला. पाठवणाऱ्याने आपल्या नव्या कामाची माहिती दिली होती, आपले मित्र लेक्स ग्रीनसिल यांचे नाव घेतले होते आणि शेवटी ‘लव्ह, डीसी’ अशी सही केली होती. डीसी म्हणजे डेव्हिड कॅमेरन, 2010 ते 2016 या काळातील ब्रिटनचे पंतप्रधान. स्कॉलर यांनी त्याच काळात पंतप्रधान कार्यालयात कॅमेरन यांचे युरोपविषयक सल्लागार म्हणून काम केले होते. पुढे संसदीय समितीने त्या सहीबद्दल विचारले, तेव्हा कॅमेरन म्हणाले की थोड्याफार ओळखीच्या कोणालाही संदेश पाठवताना मी अशीच सही करतो, आणि माझी मुले सांगतात की संदेशाखाली सही करण्याची पद्धतच आता जुनी झाली आहे.

हे उत्तर खरे असेलही. या अभ्यासाला त्याच्या खरेपणाशी कर्तव्य नाही. एका खासगी वित्तसंस्थेच्या पगारी सल्लागाराला देशाच्या अर्थखात्याच्या प्रमुखाशी या भाषेत बोलता येते, कारण काही वर्षांपूर्वी तो त्याच अधिकाऱ्याचा वरिष्ठ होता, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सरकारी पद सोडल्यावर माणसाकडे जे उरते आणि ज्याला बाजारात भाव येतो, ते म्हणजे ही ओळख. ती विकायला बंदी घालणारे नियम ब्रिटनमध्ये 2020 मध्ये अस्तित्वात होते आणि कॅमेरन यांनी त्यांतला एकही मोडला नाही, असा निष्कर्ष पुढे प्रत्येक चौकशीत निघाला. नियम असूनही हे का घडू शकले, हे पाहण्यासाठी प्रकरणाच्या मुळाशी, म्हणजे 2011 पर्यंत, मागे जावे लागते.

धंदा काय होता

लेक्स ग्रीनसिल हे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या बुंडाबर्गचे, शेतकरी कुटुंबातले. मालाचे पैसे हाती यायला उशीर झाला की शेतकऱ्याची कशी कोंडी होते, हे आपण घरीच पाहिले, असे ते सांगत असत. त्यांच्या धंद्याचे इंग्रजी नाव ‘सप्लाय चेन फायनान्स’ असे भारदस्त असले, तरी आपल्या पेठांना हा व्यवहार शतकानुशतके ठाऊक आहे. तो हुंडी वटवण्याचाच एक प्रकार आहे. समजा, एका पुरवठादाराने मोठ्या कंपनीला 100 रुपयांचा माल दिला आणि पैसे 60 दिवसांनी मिळणार आहेत. मधला वित्तपुरवठादार त्याला आजच 99 रुपये देतो आणि मुदत भरल्यावर कंपनीकडून 100 रुपये वसूल करतो. वटावाचा एक रुपया त्याचा. घेणारी कंपनी भक्कम असेल, तर यात जोखीम थोडी असते आणि तितकाच नफाही थोडा असतो.

ग्रीनसिल कॅपिटल ही 2011 मध्ये स्थापन झालेली कंपनी मात्र इथेच थांबली नाही. तिने ही येणी एकत्र बांधून त्यांचे रोखे केले आणि ते गुंतवणूकदारांना विकले. पुढे तर ज्या विक्रीचे बिलही अजून फाटले नव्हते, अशा भविष्यातल्या अपेक्षित येण्यांवरही तिने पैसे दिले. हुंडी ज्या मालावर काढायची तो मालच अजून तयार नाही, अशी ही अवस्था होती.

आत शिरण्याची वाट

ग्रीनसिल सरकारात आले ते सर जेरेमी हेवुड यांच्या ओळखीने. दोघेही पूर्वी मॉर्गन स्टॅन्ली या बँकेत होते. 2012 च्या सुमारास, हेवुड कॅबिनेट सचिव होत असताना, ग्रीनसिल यांना कॅबिनेट ऑफिसात बिनपगारी सल्लागार म्हणून जागा मिळाली. त्यांच्या नावाचे एक व्हिजिटिंग कार्ड 2021 मध्ये विरोधी पक्षाने जाहीर केले. त्यावर ‘ज्येष्ठ सल्लागार, पंतप्रधान कार्यालय’ असे छापलेले होते. ज्याची स्वतःची वित्तकंपनी नुकतीच उभी राहिली आहे आणि जो त्याच प्रकारची वित्तयोजना सरकारने स्वीकारावी असा सल्ला देतो आहे, त्याच्या खिशातले हे कार्ड होते. ऑक्टोबर 2012 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी औषध दुकानदारांना सरकारी आरोग्यसेवेकडून मिळायची रक्कम लवकर देण्याची योजना जाहीर केली. काही वर्षांनी त्या योजनेचे काम ग्रीनसिल यांच्या कंपनीकडे आले.

या प्रकरणाबद्दल लिहिताना बहुतेकजण कॅमेरन यांच्यापाशीच थांबतात. माझ्या मते अधिक शिकवणारी गोष्ट बिल क्रोदर्स यांची आहे. क्रोदर्स हे ब्रिटिश सरकारचे मुख्य खरेदी अधिकारी होते. सरकार बाहेरून कोणाकडून काय घेते, यावर देखरेख ठेवणारे सर्वांत वरचे पद त्यांच्याकडे होते. सप्टेंबर 2015 मध्ये, पदावर असतानाच, त्यांनी ग्रीनसिल कॅपिटलचे अर्धवेळ सल्लागारपद स्वीकारले. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांनी सरकारी सेवा सोडली आणि 2016 मध्ये ते कंपनीचे संचालक झाले.

सेवा सोडणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आणि मंत्र्यांनी दोन वर्षांच्या आत कोणतीही नवी नोकरी धरण्यापूर्वी एका सल्लागार समितीचा सल्ला घ्यावा, असा नियम ब्रिटनमध्ये होता. 1975 पासून काम करणारी ही समिती ‘अकोबा’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाई. क्रोदर्स यांनी तिच्याकडे अर्ज केला नाही आणि तो करण्याची त्यांना गरजही नव्हती, कारण सेवा सोडताना त्यांनी नवी नोकरी ‘धरली’ नव्हती, ती आधीपासूनच त्यांच्याकडे होती. खात्यातील हितसंबंधविषयक अंतर्गत प्रक्रियेतून त्यांनी परवानगी घेतली होती आणि असे करणे त्या काळी अगदीच वेगळे मानले जात नव्हते, असे त्यांनी पुढे लेखी कळवले. समितीचे अध्यक्ष लॉर्ड पिकल्स यांनी संसदेत अस्वस्थता व्यक्त केली. या गृहस्थांना सकाळी दूध टाकायचे काम धरायचे असते, तर आम्ही काळजी केली नसती, पण सरकारी खरेदी चालवणाऱ्याने व्यापारी कंपनीसाठी काम करणे याला पूर्ण खुलासा लागतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

माजी पंतप्रधान

कॅमेरन यांनी 13 जुलै 2016 रोजी पद सोडले. त्यांचा दोन वर्षांचा विरामकाळ, ज्याला आपल्याकडेही सर्रास ‘कूलिंग-ऑफ’ म्हणतात, जुलै 2018 मध्ये संपला आणि ऑगस्ट 2018 मध्ये ते ग्रीनसिल कॅपिटलचे सल्लागार झाले. विरामकाळ संपल्यामुळे अकोबाकडे जाण्याचे बंधन उरले नव्हते. मानधनाखेरीज कंपनीत त्यांचा आर्थिक हितसंबंध होता, हे त्यांनी पुढे संसदीय समितीपुढे मान्य केले, मात्र नेमका आकडा सांगितला नाही. पुढे बीबीसीच्या पॅनोरमा या कार्यक्रमाने त्यांची एकूण मिळकत सुमारे एक कोटी डॉलर असल्याचे म्हटले.

याच कॅमेरन यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळावा म्हणून मंत्र्या-अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणे, हा ब्रिटनमध्ये येऊ घातलेला पुढचा मोठा घोटाळा असल्याचे जाहीर भाषणात सांगितले होते. त्यांच्या सरकारने 2014 मध्ये लॉबिंगच्या पारदर्शकतेचा कायदाही केला. त्या कायद्याने नोंदवही सुरू झाली, पण नोंदणीचे बंधन फक्त इतरांसाठी पैसे घेऊन शब्द टाकणाऱ्या व्यावसायिक सल्लागारांवर आले. एखाद्या कंपनीचा स्वतःचा नोकर आपल्या मालकासाठी मंत्र्यांकडे खेटे घालत असेल, तर तो व्याख्येच्या बाहेर राहिला. मार्च 2021 मध्ये नोंदवहीचे निबंधक हॅरी रिच यांनी चौकशी करून जो निर्णय दिला, तो याच व्याख्येवर उभा होता: कॅमेरन कंपनीचे नोकर होते, म्हणून त्यांनी नोंदणी करण्याची आवश्यकता नव्हती.

आता 2020 च्या वसंतातल्या घटनांकडे येतो. महासाथीमुळे कोसळणाऱ्या मोठ्या उद्योगांना हात देण्यासाठी अर्थखाते आणि बँक ऑफ इंग्लंड यांनी एक योजना काढली होती. तीत बँक मोठ्या, पत असलेल्या आणि वित्तक्षेत्राबाहेरच्या कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जपत्रे विकत घेणार होती. ग्रीनसिल कॅपिटल स्वतः वित्तक्षेत्रातली असल्यामुळे या चौकटीत बसत नव्हती. चौकट बदलावी आणि आपण बांधलेले रोखेही बँकेने घ्यावेत, अशी कंपनीची मागणी होती. या मागणीसाठी कॅमेरन यांनी अर्थमंत्री ऋषी सुनक, मंत्री मायकल गोव्ह, स्कॉलर आणि बँक ऑफ इंग्लंडचे डेप्युटी गव्हर्नर सर जॉन कनलिफ यांच्याशी मोबाइल संदेश, व्हॉट्सॲप, ईमेल आणि फोन यांद्वारे पुन्हा पुन्हा संपर्क साधला. आपण आता अर्थमंत्र्यांना, गोव्ह यांना, सगळ्यांना फोन करतो आहोत, असेही त्यांनी स्कॉलर यांना एका संदेशात कळवले. सुनक यांनी एप्रिलमध्ये उत्तर दिले की बँकेच्या मदतीने काही पर्याय निघतो का, ते पाहायला आपण अधिकाऱ्यांना सांगितले आहे, पण खात्री देता येत नाही. दरम्यान कंपनीच्या प्रतिनिधींच्या अर्थखात्याच्या वरिष्ठांशी अनेक बैठका झाल्या. अखेर जूनमध्ये नकार कळवला गेला.

त्या दिवसांत त्या खात्याचे काम काय होते, हे आठवले की या बैठकांची किंमत कळते. घरी बसलेल्या लक्षावधी कामगारांचे पगार कसे द्यायचे, बंद दुकानांचे भाडे कोण भरणार, हे प्रश्न एकाच वेळी टेबलावर होते. सामान्य व्यावसायिक हेल्पलाइनवर वाट पाहत होता. आपल्याकडे अशा माणसाला सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात असे म्हणतात आणि तिथेही त्याची गत तीच होती. त्याच वेळी मूळ योजनेत न बसणाऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव आठवडेच्या आठवडे वरिष्ठ पातळीवर तपासला जात होता.

कोसळणे आणि चौकशा

1 मार्च 2021 रोजी क्रेडिट स्विस या स्विस बँकेने ग्रीनसिलच्या रोख्यांत गुंतलेले सुमारे 10 अब्ज डॉलरचे निधी गोठवले. कंपनीच्या व्यवहारांना संरक्षण देणारा विमा संपला होता. जर्मनीच्या नियामकाने ब्रेमेनमधील ग्रीनसिल बँक बंद केली आणि 8 मार्चला ग्रीनसिल कॅपिटलने दिवाळखोरीचा अर्ज केला. लुधियानात जन्मलेले पोलाद उद्योजक संजीव गुप्ता यांचा जीएफजी समूह तिचा सर्वांत मोठा कर्जदार होता. रॉदरहॅम आणि स्टॉक्सब्रिजच्या कारखान्यांतल्या हजारो कामगारांच्या नोकऱ्या त्यामुळे टांगणीला लागल्या. शिवाय, 2020 मध्ये ग्रीनसिलला सरकारी हमीच्या एका वेगळ्या कर्जयोजनेत ऋणदाता म्हणून मान्यता मिळाली होती. त्या योजनेखाली तिने 40 कोटी पौंडांहून अधिक कर्जे दिली आणि त्यांतली बहुतेक सारी जीएफजीशी जोडलेल्या कंपन्यांना गेली. हमी 80 टक्क्यांची होती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने करदात्यांचे 33.5 कोटी पौंडांपर्यंत नुकसान होऊ शकते, असा अंदाज दिला. न्याय म्हणून इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवली पाहिजे: ही मान्यता सरकारी मालकीच्या ब्रिटिश बिझनेस बँकेने दिली होती आणि ती कॅमेरन यांच्या संदेशांमुळे मिळाली, असे कोणत्याही चौकशीत सिद्ध झालेले नाही.

चौकशा अनेक झाल्या. सरकारने नेमलेले वकील नायजेल बोर्डमन यांच्या जुलै 2021 च्या अहवालाने ग्रीनसिल यांना सरकारात असामान्य प्रवेश मिळाल्याचे म्हटले आणि त्याची मुख्य जबाबदारी हेवुड यांच्यावर टाकली. हेवुड 2018 मध्येच निवर्तले होते आणि त्यांच्या पत्नीने याला उघड आक्षेप घेतला. तो आक्षेप मला रास्त वाटतो, कारण नियुक्ती एकाने घडवली असली, तरी ती वर्षानुवर्षे चालू देणारे पुष्कळ जण हयात होते आणि उत्तर देऊ शकत होते. त्याच महिन्यात संसदेच्या अर्थखाते समितीने आपला अहवाल दिला. कॅमेरन यांनी नियम मोडले नाहीत, पण त्यातून नियमच पुरेसे बळकट नसल्याचे दिसते आणि त्यांच्या वागण्यात तारतम्याचा मोठा अभाव होता, असे तिने नोंदवले. अर्थखात्याने मागणी नाकारली हे योग्यच झाले, परंतु माजी पंतप्रधानांना सुरुवातीलाच औपचारिक मार्गाने यायला सांगायला हवे होते, असेही समिती म्हणाली.

नकार दिला गेला, म्हणजे व्यवस्थेने काम केले, असा युक्तिवाद कॅमेरन यांच्या बाजूने केला गेला. त्यात तथ्य आहे आणि अधिकाऱ्यांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. वशिल्याने काम झाले नाही, एवढ्याने वशिला लावण्याची मोकळीक निर्दोष ठरत नाही. शिवाय हे संदेश लोकांसमोर आले ते कंपनी बुडाल्यामुळे आणि वर्तमानपत्रांनी पाठपुरावा केल्यामुळे. मंत्र्यांच्या बाहेरच्यांशी होणाऱ्या बैठकांची यादी दर तिमाहीला प्रसिद्ध होत असे, पण फोन आणि मोबाइल संदेश तिच्यात येत नसत. कंपनी तरली असती, तर हा सारा पत्रव्यवहार आजही काही मोबाइलांतच पडून राहिला असता.

नियम कुठे उभा होता

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. क्रोदर्स दोन वर्षांचा पहारा बसण्याच्या आधीच कंपनीत पोहोचले होते. कॅमेरन पहारा उठल्यावर महिन्याभरात तिथे गेले. म्हणजे नियमाने राखण केली ती फक्त मधल्या काळाची. त्या मधल्या काळातही अकोबा केवळ सल्ला देऊ शकत होती. तिचा सल्ला धुडकावणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार तिला नव्हता.

सार्वजनिक जीवनातील मानकांविषयीच्या समितीने नोव्हेंबर 2021 मध्ये सुचवले की काही पदांच्या बाबतीत लॉबिंगवरील बंदी पाच वर्षांपर्यंत वाढवता यावी आणि ती अमलात आणण्याची कायदेशीर तजवीज असावी. या मुदतीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जुलै 2016 पासून पाच वर्षे म्हणजे जुलै 2021. मार्च 2020 मधला तो पहिला संदेश बंदीच्या काळात, अगदी मध्यावर नव्हे पण निश्चित आत, आला असता. पाचाचा आकडा हवेतून काढलेला नाही. पाच वर्षांत बहुधा एक निवडणूक होऊन जाते, आपण नेमलेले अधिकारी बदलतात, हाताखालचे लोक इतरत्र जातात आणि ओळखीची धार बोथट होते. कॅमेरन गेल्यावर चार वर्षांनी स्कॉलर अर्थखात्यातच होते, यावरून दोन वर्षे किती तोकडी आहेत ते समजते.

कॅनडात 2008 पासून पाच वर्षांची बंदी आहे आणि तिथे कंपनीच्या स्वतःच्या नोकरांनाही लॉबिंगची नोंद करावी लागते. पण त्याही कायद्यात एक फट आहे: माजी पदाधिकारी कंपनीच्या नोकरीत असेल आणि लॉबिंग हा त्याच्या कामाचा मोठा भाग नसेल, तर ही बंदी त्याला अडवत नाही. वर्षभर परदेशी गुंतवणूकदारांना भेटणारा आणि संकटाच्या चार महिन्यांत फोन करणारा सल्लागार तिथेही याच फटीवर बोट ठेवू शकला असता.

कडक बंदीविरुद्धचा एक आक्षेप मात्र मनापासून विचारात घ्यावा लागतो. पद सोडताना कॅमेरन 49 वर्षांचे होते. माजी पंतप्रधानांना कार्यालयीन खर्चासाठी वर्षाला 1,15,000 पौंडांपर्यंत भत्ता मिळतो, पण तो सार्वजनिक कामाच्या खर्चापुरता असतो, उपजीविकेसाठी नव्हे. पन्नाशीतल्या माणसाला उरलेले आयुष्य घरी बसायला सांगणे अन्यायाचे आहे आणि तसे झाले, तर राजकारणात फक्त वडिलोपार्जित श्रीमंतच टिकतील. म्हणूनच बंदी नोकरीवर नसावी, शब्द टाकण्यावर असावी. माजी पंतप्रधानाने कंपनीला जगाच्या अर्थकारणाविषयी सल्ला द्यावा, परदेशी ग्राहकांपुढे तिची बाजू मांडावी. स्वतः चालवलेल्या सरकारच्या दारात मात्र तिच्यासाठी उभे राहू नये. हा भेद नियमाच्या भाषेत नेमका मांडता येतो.

भारतातल्या वाचकाला यात आपला प्रश्नही दिसेल. अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्याला, मग तो महाराष्ट्र केडरचा असो वा अन्य, निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यापारी नोकरी धरायची असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. मंत्र्यांवर असे बंधन नाही. लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाही आपल्याकडे नाही. त्यासाठी 2013 मध्ये लोकसभेत खासदार कालिकेश सिंह देव यांनी मांडलेले खासगी विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही. ब्रिटनची पळवाट आपल्याला सापडते, कारण तिथे निदान भिंत होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये कॅमेरन परराष्ट्रमंत्री म्हणून सरकारात परतले आणि जुलै 2024 पर्यंत त्या पदावर राहिले. ऑक्टोबर 2025 मध्ये अकोबा बंद झाली. तिचे काम नागरी सेवा आयोग आणि मंत्र्यांच्या आचरणाविषयीचे स्वतंत्र सल्लागार यांच्याकडे वाटून देण्यात आले आणि पद सोडल्यानंतर नोकरीचे नियम गंभीरपणे मोडणाऱ्या माजी मंत्र्याने पद सोडतानाची भरपाईची रक्कम परत करावी, अशी तरतूद झाली. नियम मोडल्याची किंमत प्रथमच पैशांत ठरली, ही जमेची बाजू. विरामकाळ मात्र दोनच वर्षांचा राहिला आणि 2014 च्या कायद्यातील लॉबिस्टच्या व्याख्येला या बदलांनी हात लावला नाही. हे नवे नियम 2020 च्या त्या संदेशाला लावून पाहिले, तर पाठवणाऱ्याची दोन वर्षे केव्हाच संपलेली आहेत, तो कंपनीचा नोकर असल्यामुळे नोंदवहीत त्याचे नाव यायचे कारण नाही, आणि नियमभंगच न झाल्यामुळे त्याच्याकडून परत मागण्यासारखे काहीही नाही.